उभ्यानं खाल्लेले घास

बारकी तेव्हा विशीतली. आईवडील पाठोपाठ गेले आणि दादानं तिला हाताला धरून आपल्या घरी आणलं. भावंडांत सगळ्यात धाकटी म्हणून बारकी, बाकी अंगानं बारकी ती कधीच नव्हती. एके दुपारी ती मागच्या नळावर कपडे धुऊन, पिळ्यांची बादली घेऊन मागच्या दाराशी आली, तर आत स्वयंपाकघरात दादावहिनींची चांगलीच जुंपलेली.

"तुम्ही एकदा तिच्या ताटाकडे बघा," वहिनी म्हणत होती. "फक्त एकदा. मग मला सांगा."

"जेवू दे गं. वयच आहे."

"वय माझ्या पोरांचंही आहे."

"ती कुणाचं खात नाही. माझ्या वाटचं खाते."

"तुमच्या वाटचं म्हणजे आमच्याच वाटचं की! आणि मी काय तिच्या घासावर टपून बसलेय? शेजारणी विचारतात मला, नणंदेला बसायला लोखंडी खुर्ची केलीत का म्हणून."

यावर दादा हसला. मोठ्यानं नाही. शिंक यावी तसं, आवरता न येता नाकातून सुटलेलं हसू. वहिनीचं बोलणं बारकीनं एक वेळ गिळलं असतं. वहिनी परक्या घरातून आलेली, तिला तिची पोरं. पण दादाचं ते हसू थेट काळजात गेलं. हातातली बादली खाली टेकली गेली आणि तिची कडी काठावर आपटली. खणकन आवाज झाला. आतलं बोलणं तुटलं. बारकी पावलं न वाजवता मागे फिरली, पुन्हा नळावर गेली आणि स्वच्छ धुतलेले कपडे पुन्हा एकदा धुऊन काढले.

त्या रात्री तिनं ताटात निम्मंच घेतलं. दादा म्हणाला, "काय गं, बरं नाही का?" ती म्हणाली, "पोट भरलं." वहिनी वाढत राहिली. जेवणं उरकून मंडळी बाहेरच्या खोलीत गेली आणि बारकी भांडी आवरायला उभी राहिली. पातेल्याच्या तळाशी भात होता. तो तिनं ओट्याशी उभ्या उभ्या, दाराकडे पाठ करून, चार घासांत संपवला. पाणी प्यायली. तोंड पुसलं. आणि तिला वाटलं, जमलं.

तिथून ती सवय लागली. बसून खाल्लेलं दिसतं, त्याला ताट असतं, त्याला बघणारे डोळे असतात. उभ्यानं खाल्लेलं म्हणजे खाणं नव्हेच, ती आवराआवर. भांडं घासायच्या आधी रिकामं करावं लागतंच की. असा सगळा न्याय तिनं स्वतःपुरता करून टाकला, आणि स्वतःपुरत्या न्यायाचं असं असतं की त्यात समोरून बोलणारं कुणी नसतं.

वर्षाच्या आत तिनं नोकरी धरली आणि नोकरीचं दुकान लांब पडतं असं सांगून दुकानाजवळच एक खोली घेतली. लग्नाचं दादानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं "बघू" म्हटलं. ते बघणं राहिलं ते राहिलंच.

दुकान गणवेशांचं. शाळेच्या पोरांचे, इस्पितळातल्या नर्सांचे, पहारेकऱ्यांचे, हॉटेलातल्या आचाऱ्यांचे कपडे शिवून मिळायचे. पुढे मोठा आरसा आणि माप द्यायला उभं राहायचं एक बुटकं लाकडी स्टूल. मध्ये जाड पडदा. पडद्याआड लांबलचक टेबल, खडू, कात्री आणि कापड बेतणारे मास्तर. बारकीनं पुढे टेप लावायची आणि आकडा मोठ्यानं सांगायचा, मास्तरांनी आतून "हं" म्हणून तो तिथेच कापडावर खडूनं टिपायचा. छाती, हं. कंबर, हं. बाही, हं. दिवसभर हा संवाद चालायचा, आणि दोघांना याखेरीज फारसं बोलायची गरजही पडायची नाही.

नवी होती तेव्हाची गोष्ट. एका हॉटेलातली स्वयंपाकीणबाई पांढरा कोट शिवायला आली. अंगानं भरलेली, बोलायला मोकळी. दुकानात रांग होती. बारकीनं नेहमीसारखी कंबर लावली आणि आकडा खणखणीत आवाजात सांगितला. रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं. बाईचे कान लाल झाले. ती स्टुलावरून उतरली, पिशवी उचलली आणि "नंतर येते" म्हणून गेली ती आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी बारकी पडदा सारून आत गेली. "मास्तर, आजपासून बायकांची कंबर मी दोन इंच कमी सांगणार. तुम्ही दोन वाढवून कापा."

"ते का?"

"काही नाही. असंच."

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. काय बघितलं ते तिला कळलं, आणि तिनं टेप उगाचच गळ्याभोवती नीट केली. "बरं," मास्तर म्हणाले, आणि कात्री चालवायला लागले.

तेव्हापासून त्याला दुकानाचं माप म्हणायचे, म्हणजे ते दोघंच म्हणायचे. कपडा अंगाला बरोबर बसायचा, बाई खूश होऊन जायची. "दुसरीकडे मला जाड म्हणतात, तुमच्याकडे आलं की बारीक होते," असंही कुणी कुणी म्हणायची. बारकी हसायची. वर्षं गेली तसं जिभेला वळणच पडलं. डोळे टेपेवरचा आकडा बघायचे आणि तोंड दोन कमी सांगायचं. मध्ये विचार म्हणून लागत नव्हता.

दुकानात एक बिस्किटांचा डबा असायचा. शाळेची पोरं मापाला उभी राहात नाहीत, वळवळतात. हातात बिस्किट दिलं की बाही घेऊन होते. डबा भरून आणायचं काम बारकीचं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत जायचं, मोजून बिस्किटं घ्यायची, आणि बेकरीवाल्याच्या परातीत जो मोडका चुरा उरायचा तोही कागदात बांधून घ्यायचा.

"हे कशाला?" बेकरीवाल्यानं पहिल्यांदा विचारलं होतं.

"पाखरांना," बारकी म्हणाली होती.

"भाग्यवान पाखरं तुमची," तो म्हणाला. तेव्हापासून रोज न मागता पुडी बांधून द्यायचा. पाखरं कुठली आलीत. दुकानाच्या मागच्या बाजूला, तागे ठेवायच्या खोलीत, खिडकीशी उभं राहून ती पुडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपायची. अख्खं बिस्किट तिनं कधी उचललं नाही, तेवढी ती प्रामाणिक. मोडक्याला काय हिशेब?

असं चाललं होतं. केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले. आणि दादाच्या किडन्या गेल्या.

एक दिवसाआड त्याला इस्पितळात नेऊन यंत्राला जोडायचे. आडदांड माणूस, वाळत घातलेल्या शर्टासारखा दिसायला लागला. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणाची किडनी जुळली तर बरं. वहिनीला साखरेचा आजार. मोठ्या पोराचं रक्त जुळेना, धाकट्याला स्वतःलाच मूतखडे. बारकीला कुणी विचारलं नाही. ती आपणहून गेली, हात पुढे करून बसली आणि सगळं जुळलं.

"सगळं जुळतंय," डॉक्टर म्हणाले. "फक्त वजन. ऐंशीच्या आत आल्याशिवाय आम्ही तुम्हाला टेबलावर घेणार नाही. तुमच्याच जिवासाठी सांगतोय."

हे सांगताना वहिनी शेजारच्या खुर्चीवर होती. बारकीला वाटलं, इतक्या वर्षांनी पुन्हा मागच्या दारात उभी आहे आणि हातात बादली आहे. भावाला द्यायला सगळं आहे आपल्याकडे, आणि मध्ये आडवं काय येतंय, तर आपलं खाणं. तिनं वहिनीकडे बघितलं नाही. वहिनीनंही तिच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बारकी उजाडताच समोरच्या मैदानाला फेऱ्या मारायला लागली. चहातली साखर गेली, तळलेलं गेलं, रात्रीचं जेवण गेलं. वजन पहिल्यांदा भराभर उतरलं. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर ती दर आठवड्याला चढायची आणि औषधवाला म्हणायचा, "वा बाई, असंच चालू द्या, माझी औषधं खपायची नाहीत." मास्तरांनी न विचारता तिचे दोन झगे आत घेऊन दिले. दादा उशीला टेकून म्हणाला, "बारके, अर्धी झालीस गं. आता मला अर्धीच किडनी देणार का काय?" सगळे हसले, बारकीही हसली. या वेळचं दादाचं हसू तिला गोड लागलं.

आणि मग काटा चौऱ्याऐंशीवर येऊन बसला.

एक आठवडा बसला. दुसरा बसला. बारकी चपला काढून चढली. पर्स खाली ठेवून चढली. एकदा तर केसांतले आकडे काढून औषधवाल्याच्या टेबलावर ठेवले आणि मग चढली.

"काटा अडकलाय का हो?"

"बाई, आत्ता एक गृहस्थ उतरले. त्यांना तर बरोबर दाखवला."

तिनं फेऱ्या वाढवल्या. त्याच मैदानाला, त्याच चालीनं, पण जास्त. दुपारचं जेवणही निम्म्यावर आणलं. सकाळचं नुसत्या चहावर भागवायला लागली. काटा तसूभर हलला नाही. उलट दुपारच्या वेळेला डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले आणि तागे ठेवायच्या खोलीतल्या खिडकीशी ती पूर्वी एकदा जायची ती आता तीनतीनदा जायला लागली. पुडी पुरेना. एक दिवस तिनं डब्यातली दोन अख्खी बिस्किटं काढली, मुद्दाम मोडली आणि मग खाल्ली. मोडल्यावर ती मोडकीच की. खाऊन झाल्यावर मात्र त्या खोलीतल्या आरशाच्या उभ्या तुकड्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं, ओठाला चुरा लागलेलं. भाऊ यंत्राला जोडून पडलाय आणि मी इथे पोरांच्या डब्यातली बिस्किटं खातेय. तिनं आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला.

रविवारी वहिनीचा फोन यायचा. कामापुरती बोलायची.

"किती झालं?"

चौऱ्याऐंशी म्हणायला बारकीनं तोंड उघडलं आणि तोंडानं आपलं काम केलं. "ब्याऐंशी."

खरं सांगायचं तर ते खोटं तिनं ठरवून बोललेलं नव्हतं. जिभेचं वळण ते. पण बोलून गेल्यावर ती लगेच सावरू शकली असती, आणि सावरलं नाही, कारण पलीकडून वहिनी म्हणाली, "वा." त्या घरात त्या तोंडून तिच्या अंगाबद्दल "वा" कधी निघाला नव्हता.

एकदा दोन कमी सांगितल्यावर पुढच्या वेळी काय सांगणार? तिकडे पडद्याआड दोन वाढवून घेणारे मास्तर नव्हते. काही रविवार ती "तेवढंच" म्हणत राहिली. मग एका रविवारी दादाचा आवाज मागून आला, इतका बारीक की तिला आधी पोरगंच वाटलं, आणि वहिनीनं विचारलं तेव्हा बारकी म्हणाली, "ऐंशीला टेकलंय."

वहिनीनं त्याच दिवशी डॉक्टरांना कळवलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, शेवटच्या तपासण्यांना या.

आता इथे माणसानं काय करावं? पळून जावं, नाहीतर खरं सांगावं. बारकीनं तिसरंच केलं. आदल्या दिवशी पाणीसुद्धा प्यायली नाही. जणू चार किलोची तहान लागते.

इस्पितळातला काटा मोठा होता, त्याचा आकडा भिंतीवर लाल दिसायचा. खोलीत चारपाच माणसं बसलेली. नर्स अगदी पोरसवदा, आणि योग असा की तिच्या अंगावरचा कोट बारकीच्याच दुकानात शिवलेला, कॉलरवरून ओळखू येत होता. बारकी चढली. नर्सनं आकडा बघितला आणि पलीकडच्या टेबलावर लिहिणाऱ्या बाईला मोठ्यानं सांगितला, खणखणीत, जसा बारकी एकेकाळी सांगायची.

"चौऱ्याऐंशी!"

वहिनी दारात उभी होती. हातात दादाच्या फायली. ती एकदम म्हणाली, "अहो, चुकलं असेल. परत बघा. तिचं ऐंशी आहे."

"परत चढा मावशी," नर्स म्हणाली.

बारकी परत चढली. त्या काट्यावर ती एवढी आक्रसून उभी राहिली की कुणालाही वाटावं, अंग चोरल्यानं वजन कमी होतं. आकडा तोच आला. खोलीत कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बाहेर बाकावर दोघी बसल्या. बराच वेळ वहिनी फायलींचे कोपरे जुळवत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी रात्रीच पिशवी भरून ठेवली होती. दाढीचं सामानसुद्धा आठवणीनं घातलंय." एवढंच. यापेक्षा तिनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बारकीनं हात धरून आभार मानले असते.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी तिला आहार सांगणाऱ्या बाईकडे पाठवलं. चष्मा लावलेली, नाक ओढणारी, सर्दी झालेली बाई. तिनं विचारलं, "दिवसभरात काय काय खाता?"

बारकीनं सांगितलं. चहा, दुपारी थोडा भात, रात्री काही नाही.

"एवढ्यावर काटा अडत नाही मावशी. राहिलेलं सांगा."

वहिनी शेजारी होती. त्या बाईनं दोघींकडे बघितलं, नाक ओढलं आणि वहिनीला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसता का?" वहिनी उठून गेली. दार लागल्याचा आवाज ऐकून मगच बारकी बोलली. मोडकी बिस्किटं, मोडलेली बिस्किटं, पातेल्याचा तळ, पावाच्या कडा, सगळं सांगितलं, मान खाली घालून, टेबलाच्या फटीत अडकलेल्या टाचणीकडे बघत.

बाईनं उपदेश केला नाही. म्हणाली, "तुम्ही उपाशी राहता, म्हणून उभ्यानं खाता. आणि उपाशी राहता म्हणून शरीरही काटकसरीला लागलंय, थोडक्यात भागवायला शिकलंय. चालणं तर त्याच्या एवढं अंगवळणी पडलंय की त्याला ते काम वाटतच नाही. आता दोन्ही बदलायचं. सकाळी अंडी खायची. दुपारी, रात्री पोटभर जेवायचं, पण ताटात भाजी आणि कडधान्यं जास्त, भात मुठीएवढा. बिस्किट बंद. नुसतं चालून भागणार नाही. जिने चढा. जड उचला, आधी हलकं, मग वाढवत न्या. अंगात ताकद आली की चरबीला जागा सोडावी लागते. आणि एक. खाल ते बसून खायचं. कुणासमोर तरी."

"एकटी असते मी."

"मग कुणीतरी शोधा," बाई म्हणाली आणि शिंकली.

जड उचलायला दुकानात काही कमी नव्हतं. तागे त्या मागच्या खोलीच्या माळ्यावर ठेवलेले असायचे आणि मास्तर ते हमालाकडून उतरवून घ्यायचे. बारकी म्हणाली, आता मी आणणार. पहिल्या दिवशी ती अर्धा तागा छातीशी धरून जिना उतरली तेव्हा मास्तर म्हणाले, "बाई, कापड आणताय का कापड तुम्हाला आणतंय?" दुसऱ्या दिवशी तिला खांदे वर करता येईनात, टेप लावताना कण्हत होती, आणि मापाला आलेल्या एका पहारेकऱ्यानं तिलाच स्टुलावर बसायला सांगितलं. पण ती रोज थोडं वाढवत गेली. इमारतीचे चार मजले दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा चढून यायची. मैदानावर जायची ती आता भरभर चालायची, मग सावकाश, मग पुन्हा भरभर. पोरं मागून ओरडायची, "आजी, कुणी मागे लागलंय का?" दुपारी मास्तरांच्या समोर, कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, बसून डबा खायची. मास्तर तिच्या डब्याकडे बघायचे नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं मनात ठेवलेला माणूस, न बघणं त्यांना जमायचं.

प्रश्न रात्रीचा होता. तो वहिनीनं सोडवला. फोन केला आणि म्हणाली, "रात्री आमच्याकडे जेवायला यायचं." ना विचारणं, ना आग्रह. "अंडी आणलीत, भाजी आहे. ये."

पहिल्या रात्री दादा आतल्या खोलीत झोपलेला. टेबलावर दोन ताटं. वहिनीनं तिचं ताट भरून वाढलं, काठोकाठ भाजीनं. आणि समोर बसली. बारकीनं घास उचलला आणि तो तोंडाशी जाईना. एवढ्या वर्षांत ती त्या टेबलाशी पोटभर जेवली नव्हती, आणि आता जेवायचं तर नेमकं वहिनीच्याच समोर.

वहिनी आपल्या ताटात बघत म्हणाली, "त्या दिवशी बादलीची कडी वाजली होती."

बारकीचा हात तसाच राहिला.

"मी ऐकली होती. वाटलं, तू आत येशील, भांडशील. मी तयार होते. तू आलीच नाहीस. रात्री ताटात कमी घेतलंस, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. मग रात्री उरलेला भात सकाळी कुठे दिसायचा नाही. तेव्हा कळायचं. पण तेव्हा बोलायचं तरी कसं? रोज वाटायचं, आज बोलू. मग तू खोली घेऊन निघून गेलीस. आणि आता तुझ्याच पोटातलं घ्यायला बसलेय." तिचा चमचा ताटावर वाजला. "लाज वाटते गं मला तुझ्याकडे बघायची."

बारकीला वाटत होतं, इतकी वर्षं त्या घरात लाज फक्त आपल्याच वाटणीला आली होती. तिनं घास तोंडात घातला, चावला, गिळला.

"भाजीत मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"तुझ्या दादाला मीठ बंद आहे."

"मग मलाही चालेल."

आणि तिनं ते ताट संपवलं. सावकाश, बसून, वहिनीसमोर. संपल्यावर वहिनीनं विचारलं, "आणखी?" आणि बारकीनं खरं उत्तर दिलं, "थोडी भाजी दे." दादाला यातलं काही कळलं नाही. त्याला तर स्वतःचं ते हसूही आठवत नव्हतं, आणि बारकीनं त्याला कधी आठवण करून दिली नाही.

पहिल्या आठवड्यात काटा उतरायचा सोडून थोडा चढला. बारकी औषधवाल्याच्या दुकानातून बाहेर आली ती रडवेली. सरळ इस्पितळात फोन लावला. आहारवाल्या बाई म्हणाल्या, "अंगात ताकद भरायला लागली की होतं असं. सोडू नका." त्या रविवारी वहिनीनं विचारलं, "किती?" आणि बारकीनं जीभ दाताखाली धरून, अक्षर अक्षर सुटं करून खरा आकडा सांगितला. तो सांगताना कान लाल झाले. वहिनी म्हणाली, "असू दे. रात्री ये."

एका दुपारी तिला वाटलं, झगा सैल लागतोय. ती पडदा सारून आत गेली आणि टेप मास्तरांच्या हातात दिली. "माझी कंबर घ्या."

मास्तरांनी आयुष्यात तिचं माप घेतलेलं नव्हतं. झगे आत घेतले तेही नुसत्या नजरेनं. त्यांनी खडू खाली ठेवला, हात पुसले, टेप लावली. "दुकानाचं सांगू का खरं?"

"खरं. आणि मोठ्यानं सांगा."

"मोठ्यानं कशाला? आहे कोण इथे?"

"मी आहे ना."

मास्तरांनी आकडा मोठ्यानं सांगितला. पुढे आरशाशी उभ्या असलेल्या बाईलासुद्धा ऐकू गेला असणार. आकडा काही फार लहान नव्हता. पण शिवलेल्या मापापेक्षा बराच कमी होता, आणि खरा होता. बारकी "हं" म्हणाली.

त्यानंतर काटाही हलला. आधी कुरकुरत, मग नेमानं. मधे एकदा पुन्हा अडला, तेव्हा बारकीनं फेऱ्या वाढवल्या नाहीत आणि ताट कमी केलं नाही. तागा बदलला. शर्टाच्या कापडाऐवजी कोटाच्या कापडाचा उचलायला लागली.

इस्पितळात दुसऱ्यांदा चढली तेव्हा नर्स तीच होती. वहिनी दारात तशीच. बारकीनं डोळे मिटून घेतले नव्हते, पण भिंतीकडे बघितलंही नाही, नर्सच्या कॉलरकडे बघत राहिली. कॉलरची शिलाई एका टोकाला उसवली होती.

"एकोणऐंशी!" नर्स म्हणाली.

वहिनी मटकन बाकावर बसली. बारकी काट्यावरून उतरली आणि नर्सला म्हणाली, "कॉलर उसवलीय तुझी. दुकानात ये, फुकट मारून देते."

डॉक्टरांनी तारीख दिली. आदल्या दिवशी संध्याकाळी भरती व्हायचं होतं. त्या दिवशी बारकी नेहमीसारखी दुकानात आली, मापं सांगितली. एका लाजऱ्या बाईची कंबर दोन इंच कमी सांगितली, कारण ती लाज त्या बाईची, ती कधी सोडायची ते तिनं ठरवायचं. आतून मास्तर "हं" म्हणाले. दिवस कलायला आला तशी तिनं डबा उचलला आणि बेकरीत गेली.

बेकरीवाल्यानं बिस्किटं मोजून घातली. परातीतला मोडका चुरा कागदात बांधला, दोरा गुंडाळला आणि न विचारता पुढे केला. "पाखरं बरी आहेत ना?"

"माजलीत," बारकी म्हणाली. "आता वेळ झाली की खिडकीवर चोच मारतात."

ती परत आली. डबा फळीवर ठेवला, झाकण दाबून लावलं. मागच्या खोलीत गेली, खिडकी उघडली आणि बिस्किट बंद झाल्यापासून रोज करायची तसं पुडी सोडून चुरा बाहेरच्या कठड्यावर पसरला. एक चिमणी आधीच येऊन बसली होती. आरसा अजून भिंतीकडे तोंड करून होता. तो तिनं सुलटा केला, त्यावरची धूळ झग्याच्या बाहीनं पुसली. बोटांना लागलेला चुराही तिनं कठड्यावर झटकला.

"मास्तर, डबा भरलाय," तिनं पडद्यातून सांगितलं.

"हं," मास्तर म्हणाले.